आंबोलीचं जंगल आणि वेंगुर्ल्याचा समुद्र एकाच फेरीत, कोल्हापुरातून : कधी जावं, कुठल्या घाटानं?

फौंड्रीवाला_शिरोली

नमस्कार मंडळी, एवढे दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारतोच. विषय असा हाय की दसरा झाला की दिवाळीपर्यंत आमच्याकडं काम जरा ढिलं असतं, तेव्हा शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी रात्रीपर्यंत घरात असं डोक्यात आहे. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. आईचे गुडघे दुखतात, धाकट्याला घाट लागला की उलटी, गाडी साधी हॅचबॅक आणि चालवणार मी एकटाच.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. थोरलीनं कुठंतरी रील बघितलंय, आंबोली म्हणजे म्हणे महाराष्ट्रातलं रेनफॉरेस्ट, तिला ते उडणारे बेडूक बघायचेत. बायकोला समुद्र पायजे पण गोवा नको म्हणते, गर्दी आणि बाटल्या. आईला रेडीचा गणपती आणि आरवलीचा वेतोबा. मला विचाराल तर दोन वेळ मासे खाऊन गप पडायचंय पण माझं कोण ऐकतंय.

तर आंबोली आणि वेंगुर्ला एकत्र होतं का नीट, का दोन्हीकडं नुसतं टेकून यायचं होतं? जाताना आंबोली घाट ठरलाय, येताना परत तोच चढायचा का फोंडा का गगनबावडा? तिलारीतनं जा असं एकजण म्हणाला, तिकडं हत्ती असतात म्हणे, खरं का? आणि मुख्य म्हणजे त्या टायमाला जंगलात काय शिल्लक असतं का? शेजारचे म्हणाले पाऊस गेला की आंबोलीत बघायला काय नाय, नुसता चहा पिऊन या.

---

बुलेटवाला_बाप्पा

शेजारी बरोबर बोलले. आंबोली म्हणजे जुलै. विषय संपला. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत न्हाई, मेन धबधब्याचं पाणी रस्त्यापर्यंत, कावळेसादला वारा दरीतनं असा वर येतो की धबधब्याचं पाणी खाली पडायचं सोडून उलटं तोंडावर येतंय. ऑक्टोबरमध्ये काय बघणार भावा. जुलैमध्ये जा, भिजा, गरमागरम भजी खा आणि त्याच घाटानं वर या.

---

वेंगुर्लेकरीण

बाप्पा, आणि जुलैमध्ये त्यांच्या बायकोने समुद्रात काय करायचं? मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन राजारामपुरीत आले, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. पावसात आमचा समुद्र बघायला झकास, पण तो लांबून. किनाऱ्यावर वाळू कमी आणि लाट जास्त, मालवणात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, म्हणजे ताटात येणार ते एकतर बर्फातलं नाहीतर खाडीतलं नाहीतर सुकं. घाटावरची माणसं जुलैमध्ये येतात, पापलेट मागतात आणि मग म्हणतात कोकणात मासे महाग आणि शिळे. मेल्यांनू, त्यावेळी होडीच पाण्यात नाय तर ताजो मासो येतलो खयसून?

खरं दुखणं हेच आहे की तुमच्या जंगलाचा सीझन आणि आमच्या समुद्राचा सीझन एकमेकाला पाठ लावून बसलेत. जंगल जून ते सप्टेंबर, समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही एका फेरीत पाहिजे असेल तर मधलाच काळ धरावा लागतो, आणि दसरा-दिवाळीच्या मधले दिवस अगदी तेच आहेत. तेव्हा फौंड्रीवाले, तुम्हाला सुट्टी बरोबर मिळालीय, कुणाचं ऐकून पुढे-मागे करू नका. एकच सांगते, ऑक्टोबरला दुपारी घाम निघतो. दुपारी बारा ते चार खोलीत पंख्याखाली, हे आत्ताच घरात सांगून ठेवा.

समुद्राचं बाकीचं रात्री लिहिते, आता कुकर लावलाय.

---

बेडूकमास्तर

जीवशास्त्र शिकवतो, आंबोलीला पोरं घेऊन जाणं चालू असतं, म्हणून जरा लांबट लिहितो, सांभाळून घ्या.

आधी त्या रीलचं. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे मुंबईच्या तिप्पट. एवढ्या पावसावर रेनफॉरेस्ट म्हणायला हरकत नसती, पण तो सगळा चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळपास कोरडे. केरळात, दक्षिण कर्नाटकात कोरडे महिने कमी, म्हणून तिथली झाडं आभाळाला टेकतात. आपल्याकडं समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर, खाली जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, आणि समोरून सरळ समुद्राचा वारा, त्यामुळं आंबोलीची झाडं बुटकी आणि दाट, अंजनी, जांभूळ, हिरडा. वर बघून मान दुखेल असं काही नाही. पण पानं गळत नाहीत, फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड, आत शिरलं की दुपारी चारला संध्याकाळ. त्याला सदाहरित, निमसदाहरित म्हणतात. पोरीला सांगा रील खोटं नाही, थोडं फुगवलेलं आहे.

आणि हा पाऊस किती पट्ट्यापुरता आहे ते जाताना गाडीतनंच दाखवा तिला. आंबोली सोडून आजऱ्याकडं आलं की पाऊस निम्म्याच्याही खाली, गडहिंग्लजला त्याहून कमी. ढग सगळा माल घाटमाथ्यावर उतरवतो आणि पुढं रिकामा येतो. तुम्ही उलट दिशेनं जाणार, म्हणजे आधी ऊस, मग भात, आजऱ्याच्या पुढं काजू आणि मग एकदम जंगल. हे सगळं तासाभराच्या रस्त्यात बदलतं. तुमच्याबरोबर हिरण्यकेशी नदी पण असणार, ती उगवते आंबोलीत, आजरा-गडहिंग्लज करत पुढं घटप्रभेला मिळते. म्हणजे तुम्ही नदीच्या उलट्या दिशेनं तिच्या उगमाला चाललाय.

आता ऑक्टोबरमध्ये काय दिसेल. उडणारा बेडूक म्हणजे मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवागार, बोटांच्या मधला पडदा लालसर नारिंगी, वरच्या फांदीवरनं तो पडदा ताणून तरंगत खाली येतो. तो पावसात पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचं घरटं करतो, अंडी त्यात, पिल्लं झाली की टपकन खाली पाण्यात. हा खेळ जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरला बेडूक असतो पण गप असतो, ओरडत नाही, म्हणून सापडायला अवघड. दिसेलच असं पोरीला कबूल करू नका. आंबोली टोड तर पहिल्या पावसात खडकावरच्या बोटभर पाण्याच्या डबक्यात अंडी घालतो आणि नंतर दडून बसतो. तो २००९ मध्ये शास्त्राला नवीन म्हणून नोंदला गेला आणि आंबोली परिसर सोडून जवळपास कुठं सापडत नाही.

पण मलबार पिट व्हायपर, म्हणजे चापडा, तो ऑक्टोबरलाही दिसतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, वाटेल त्या रंगाचा, रात्री फांदीवर तासन्‌तास एका जागी. विषारी आहे, हात लांब. तिथली अभ्यास करणारी स्थानिक पोरं रात्रीची फेरी घालतात, ज्या घरी किंवा हॉटेलात उतराल तिथं विचारा, कुणीतरी ओळखीचा असतोच. त्यांच्याशिवाय स्वतः बॅटरी घेऊन झाडीत घुसू नका. बूट पायात, फुलपँट, फ्लॅश मारायचा नाही, आणि आईंना खोलीतच राहू दे.

अजून एक, आणि हे मी सगळ्यांना सांगतो, अंधार पडल्यावर आंबोलीच्या रस्त्यावर गाडी काढू नका. गवा आडवा येतो ही एक भीती, पण ओल्या रात्री डांबरावर बेडूक, टोड, साप बसलेले असतात आणि चाकाखाली जातात. जो टोड दुसरीकडं नाही, तो इथं रस्त्यावर चिरडलेला बघायला मिळतो. उजेडात पोचा.

सकाळी हिरण्यकेशीच्या देवळात जा. गुहेतनं पाणी येतं, पुढं कुंड. त्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटाएवढीसुद्धा नाही, आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लोक तिथं पाय बुडवून बसतात, साबण लावतात, बिस्किटं टाकतात. पोरांना काठावर पालथं झोपवून पाण्यात बघायला सांगा, थोडा वेळ हलू नका, तळाच्या खड्यांवरनं काहीतरी सरकतं तो मासा. देवळापर्यंतची वाट फार चढाची नाही, आईंना जमेल.

---

बुलेटवाला_बाप्पा

मास्तर एवढं शाळेत शिकवलं असतं तर मी सायन्सला गेलो असतो 😄 पण जुलै तो जुलैच.

---

घाटरस्ता_६७

ड्रायव्हिंगचं मी सांगतो, माल घेऊन कोकणात जाणं-येणं नेहमीचं आहे.

जाताना हायवेनं कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, तिथनं उत्तूर-आजरा-आंबोली. दुसरा रस्ता संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा, तो जरा लांबचा पण मोकळा. दुपारी एकला शिरोली सोडली तर चहापाणी धरून पाचच्या आत आंबोली. टाकी आजऱ्यात भरून घ्या, पुढं रिझर्व्हवर गाडी नको. आजऱ्यात वेळ असला तर रामतीर्थ, नदीकाठी बसायला चांगलं. आणि परत त्या बाजूनं येणार नसाल तर घनसाळ तांदूळ जातानाच घ्या, आजरा घनसाळला जीआय, म्हणजे त्या भागाचाच माल म्हणून सरकारी मान्यता, मिळालाय, पण पोत्यावर नाव आहे म्हणून आत तोच असेल असं नाही, वास घेऊन घ्या. आंबोलीच्या अलीकडं नांगरतास लागतो, रस्त्याला लागूनच, कठड्यावरनं खाली अरुंद घळीत पाणी पडताना दिसतं. ऑक्टोबरला पाणी असतं. आईंना फार चालावं लागत नाही.

आंबोली घाट उतरायला शनिवारी सकाळी. उतारावर गाडी सेकंडला ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, हॅचबॅकचे ब्रेक तापले की वास येतो आणि मग पॅसेंजर घाबरतो. धाकट्याला पुढच्या सीटवर घेता येत नसेल तर मागं मधोमध बसवा, काच खाली, मोबाईल हातात नको, निघायच्या आधी दूध नको. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून अर्धा तास आधी. आणि माकडांना काय खायला द्यायचं नाही, ती उघड्या काचेतनं हात घालून पिशवी ओढतात.

तिलारी घाटाचं जे कोण म्हणाला त्याला नमस्कार. चंदगडाकडनं उतरतो तो, लई तीव्र उतार, अरुंद, वळणावर समोरची गाडी दिसत न्हाई. दृश्य एक नंबर पण आई आणि उलटीवालं पोरगं घेऊन, एकट्या ड्रायव्हरनं, पहिल्यांदा? नको. हत्तीचं खरं आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातनं दोडामार्गात उतरले, तेव्हापासून कधी खाली तिलारीत, कधी वर चंदगड-आजऱ्यात उसात. ते बघायला जायची गोष्ट नव्हं, शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी आणलंय त्यांनी. संध्याकाळी आजरा-आंबोली पट्ट्यात गावातलं कोण हात करून थांबा म्हणाला तर थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

येताना तोच घाट नको. वेंगुर्ला-कुडाळ, तिथनं मुंबई-गोवा हायवे चौपदरी झालाय, कणकवली पटकन येतं, मग फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरी-भोगावती-कोल्हापूर. फोंडा घाट आंबोलीपेक्षा सुटसुटीत वाटतो मला, आणि वर आलं की परत जंगल सुरू, म्हणजे पोरीचं जंगल दोनदा होतंय. गगनबावड्याला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट, करूळ कामासाठी बराच काळ बंद होता, जायच्या आदल्या दिवशी विचारल्याशिवाय तिकडं वळू नये.

एक धोका कोण सांगत न्हाई तो सांगतो. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची धुराडी पेटायला लागतात. एकदा उसाचं सुरू झालं की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट न्हाई, रिफ्लेक्टर न्हाई, पुढं गाणी फुल आवाजात, त्याला मागचा हॉर्न ऐकू येत न्हाई. घाटात जेवढी भीती न्हाई तेवढी मला राधानगरी ते कोल्हापूर रात्रीची वाटते. म्हणून सोमवारी दुपारचं जेवण खाली करून अंधाराच्या आत भोगावती गाठा.

---

सोनचाफा

दाजीपूरला सफारी करता येईल का येताना? गवा दिसतो म्हणतात.

---

घाटरस्ता_६७

पावसाळ्यात बंद असते ती, कधी उघडणार ते वनखात्याच्या राधानगरीच्या ऑफिसात विचारून घ्या. उघडली असेल तरी यांच्या प्लॅनमध्ये सोमवारी ती बसत न्हाई, सफारीला पहाटेच जायला पायजे. रस्त्यावरनं दिसलाच गवा तर नशीब. राधानगरी धरण मात्र रस्त्याकडेलाच, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, पाणी भरलं की आपोआप उघडणारे दरवाजे आहेत, पोरांना ते जरूर दाखवा.

---

वेंगुर्लेकरीण

कुकर झाला, जेवणं झाली, आता समुद्र.

मुक्काम वेंगुर्ल्यात नाहीतर शिरोड्यात करा. मालवण-तारकर्ली या फेरीत टाळा असं मी म्हणेन, माझं माहेर वेंगुर्ल्यात म्हणून नाही (थोडं म्हणूनही), पण सोमवारी दुपारी फोंडा चढायचा असेल तर मालवणात एक दिवस नुसता पार्किंग आणि होडीच्या रांगेत जातो. किल्ला बघायला वेगळे या.

शनिवारी घाट उतरलात की सावंतवाडी. मोती तलावाला एक चक्कर, चितारआळीत लाकडी खेळणी बघा, लाकडाची फळं घ्या, खरी वाटतात, आमच्याकडे पाहुण्यांची पोरं चावून बघतात. तिथून शिरोडा. शिरोडा-वेळागरचा किनारा लांबलचक, मागे सुरूचं बन, सावलीत खुर्ची टाकली की आई तिथेच बसतील, त्यांना वाळूत चालायला लावू नका. मिठाचा सत्याग्रह १९३० मध्ये शिरोड्यालाही झाला होता, मिठागरं त्याच बाजूला आहेत.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत रेडी. गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडला, दोन हातांचा, चांगला उंच मोठा. तिथून जवळच यशवंतगड, आणि तुमच्या लेकीला जंगल हवंय ना, तर तो गड दाखवाच. तटबंदीत वडा-पिंपळाची मुळं अशी घुसलीत की कुठे दगड संपतो आणि कुठे झाड सुरू होतं ते हात लावून बघावं लागतं. काही कमानींत दगड मुळांनीच धरून ठेवलेत, मुळं काढली तर कमान खाली येईल अशी स्थिती. आत थंड, ओलं, चिखल असतो, चप्पल घसरते. आणि बाहेर पडून गाडीत बसलात की लगेच समुद्र. आंबोलीत जे वरून बघितलं ते इथे समुद्राला टेकून आहे.

मग आरवली. वेतोबाला चपला वाहतात, साध्या नाही, हात-दीड हात लांब, चामड्याच्या. देव रात्री गावात फिरतो, त्याच्या चपला झिजतात असं मानतात. केळ्यांचा घडही वाहतात. कोल्हापूरची माणसं तिथे उभी राहून चपलांच्या शिलाईवर चर्चा करतात, माझ्या सासऱ्यांनी केलीय. तिथून मोचेमाड करत वेंगुर्ला, रस्ता सगळा माड-पोफळीतून, घाई करू नका.

आता पाण्याचं, हे नीट वाचा. ऑक्टोबरला समुद्र शांत दिसतो पण आत ओढ असते. आमचे मच्छीमार ज्या जागी उतरू नको म्हणतात तिथे उतरायचं नाही, मग वाळू कितीही छान असो. पाणी मांडीच्या वर येऊ द्यायचं नाही आणि ओहोटी लागल्यावर पोरांना पाण्यात सोडायचं नाही, ओहोटीचं पाणी आत खेचतं. घाटावरची पोरं विहिरीत-नदीत पोहलेली असतात, त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. नदीचं पोहणं इथे चालत नाही.

भरती-ओहोटी बघायला ॲप नको, तिथी पुरते. तिथीचा पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, तिथून सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. थोडं मागे-पुढे होतं पण पोरं सांभाळायला एवढं बास. तुम्ही कोजागिरीच्या आसपास येत असाल तर दुपारी साडेअकरा-बाराला भरती, मग पाणी उतरायला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला वाळू मोकळी पसरलेली. पोरांना शंख-शिंपले गोळा करायला उत्तम, पोहायला नाही. मध्यरात्रीच्या भरतीला मात्र चांदणं बघायला खाली उतरू नका, वरच बसा.

मासे. ऑक्टोबरला बांगडा भरपूर आणि स्वस्त, सुरमईच्या मागे लागू नका. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं मागा, सोबत भाकरी. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, नाहीतर जीभ बधिर होऊन पुढचं जेवण वाया. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सुकं करून. आणि कृपा करून 'जरा झणझणीत करा' म्हणू नका. नारळाच्या वाटपावर घाटी मसाला मारला की दोन्ही नासतात. नाश्त्याला घावणे. रविवारी दुपारीच पोटभर खा, आई सोमवार पाळत असतील तर परतीच्या दिवशी हात आखडेल.

---

बुलेटवाला_बाप्पा

ताई तिथीचं गणित स्क्रीनशॉट मारून ठेवलं. तांबडा-पांढरा सोडून चार दिवस राहायचं म्हणजे जरा अवघडच पण बांगड्यासाठी तयार हाय.

---

जंगलवाट

सगळ्यांनी आंबोलीच धरलीय म्हणून एक वेगळं. पोरगी खरंच जंगलवेडी असेल तर पुढच्या वेळी दोडामार्ग. बांबर्ड्याला जंगली जायफळाची दलदल आहे, झाडांची मुळं चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकून परत खाली जातात, कारण चिखलात हवा नाही, श्वास घ्यायला मुळांना वर यावं लागतं. असली दलदल केरळ-कर्नाटकात जास्त, महाराष्ट्रात दुर्मिळ, म्हणून तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय. पण तिथे गावातल्या माणसाला घेऊनच जायचं, आणि पर्यटनस्थळ म्हणून जायचं नाही. चार गाड्या उभ्या राहिल्या आणि लोक चिखलात नाचले तर संपलं. म्हणून मी इथे रस्ता लिहीत नाही.

---

बेडूकमास्तर

जंगलवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत, रस्ता न लिहिल्याबद्दल तर दुप्पट.

---

फौंड्रीवाला_शिरोली

बाप रे, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं वेतोबाच्या चपलांचं दोनदा वाचायला लावलं. पोरगी मास्तरांवर जरा नाराज हाय की बेडूक दिसेलच असं म्हणत नाहीत, पण चापडा ऐकल्यावर खूश, आणि बायको त्याच कारणानं नाखूश. रात्रीच्या फेरीला मी आणि थोरली, बाकीचे खोलीत असं ठरलंय.

तर शुक्रवारी दुपारी आजऱ्यावरनं आंबोली, उजेडात पोचायचं. शनिवारी सकाळी हिरण्यकेशी, मग घाट उतरून सावंतवाडी, शिरोड्याला मुक्काम. रविवारी रेडी, यशवंतगड, आरवली, दुपारी बांगडा आणि पंखा, संध्याकाळी वेंगुर्ला बंदर, तिथंच मुक्काम. सोमवारी फोंड्यानं वर, धरण बघून अंधाराच्या आत घरात. तिलारी कॅन्सल, मालवण पुढच्या वेळी.

दोन शंका राहिल्या. शनिवारी आंबोलीत कावळेसादला आईला न्यावं का? आणि सुकी मासळी आणायची तर गाडीला वास लागतो त्याचं काय करायचं, मागच्या खेपेला साडूनं आणली होती, अजून त्याच्या गाडीत कोण बसत नाही.

---

घाटरस्ता_६७

कावळेसादला गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, पुढं सड्यावर चालणं हाय. खडक ओला असला तर आईंना गाडीतच बसवा. पोरांचा हात धरून रेलिंगच्या आतनंच बघायचं, पलीकडं थेट दरी. त्यापेक्षा महादेवगड पॉइंट बघा, त्यांना सोपा पडेल, आणि आभाळ स्वच्छ असलं तर तिथनं लांबवर समुद्राची रेघ दिसते.

---

वेंगुर्लेकरीण

सुकी मासळी सोमवारी सकाळी बाजारातून घ्या, रविवारी घेऊन खोलीत ठेवू नका. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) आणि सुके बांगडे घ्या, हाताला कडक लागले पाहिजेत, मऊ लागले तर दमट आहेत, सोडून द्या. वर्तमानपत्रात दोन-तीन घड्या, मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तो इथूनच रिकामा घेऊन जा, झाकणाला बाहेरून चिकटपट्टी. प्लास्टिकच्या पिशवीत नुसती गाठ मारून डिकीत टाकाल तर तुमच्या साडूंची आणि तुमची गाडी सारखीच होईल. घरी पोचलात की एकदा उन्हात टाकायची, मांजर बघून.